आटका कोणी जाळलं

"बोटीतून उतरलीस की आधी चर्चला जायचं, मग घरी. पाय ओले असले तरी, भूक लागली असली तरी."

ओकालेनानं हे लेकीला सांगितलं तेव्हा मात्रोना इतकी लहान होती, की आईचा हात धरायला तिला वर ताणून घ्यावं लागायचं. सांगता सांगता आईनं तिच्या डोक्यावरचा रुमाल असा घट्ट बांधला, की तिचे कान दुखले. पुढे मात्रोना आटका बेट सोडून अँकरेजला आली, शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला लागली, नवऱ्याला मातीआड केलं, केस पांढरे झाले. पण परगावाहून आली, की अजूनही ती आधी चर्चसमोर उभी राहून क्रूसाची खूण करते आणि मगच घराची किल्ली पर्समधून काढते. सकाळी तसबिरीपुढचा दिवा लावावा, बुधवार-शुक्रवार उपास धरावा, तसंच हे. त्यात काही विशेष आहे असं तिला कधी वाटलं नाही.

म्हणून त्या रविवारी दुपारी, भाच्याच्या घरी सोफ्यावर बसून, हातात खेळाचा कंट्रोलर धरून ती पडद्यावरच्या आटक्याच्या किनाऱ्यावर उतरली तेव्हा तिचा अंगठा आपसूक चर्चच्या दिशेनं वळला.

भाचा म्हणजे इनोकेंटी. घरात सगळे केशा म्हणत. अँकरेजमधल्या एका कंपनीत तो युद्धाचे खेळ तयार करायचा. ह्या खेळात बेचाळीस सालचे जपानी सैनिक अलास्काजवळच्या अल्यूशन बेटांवर येऊन थांबत नाहीत, तर तसेच पुढे सरकत अलास्का घेतात, डोंगर ओलांडतात आणि निम्मी अमेरिका गिळतात. खेळणाऱ्यानं त्यांना मागे रेटायचं. सुरुवात त्यातल्याच आटक्यापासून. केशानं हट्टानं आपलं बेट त्यात घातलं होतं, आणि दोन वर्षं खपून, आजीला फोनवर विचारून विचारून, युद्धाआधीचं गाव उभं केलं होतं. घराघराच्या भिंती, माशांच्या मांडवाचे खांब, रशियन पद्धतीच्या चर्चचा कांद्यासारखा घुमट. ते गाव बेचाळीसच्या जूनमध्ये जळून गेलं होतं. आज जिवंत असलेल्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या माणसांनी ते पाहिलेलं होतं, आणि त्यातली एक, ऐंशी पार केलेली ओकालेना, आता मात्रोनाशेजारी गुडघ्यावर शाल घेऊन बसली होती.

तिला कंट्रोलर जमण्यासारखा नव्हता. ती सांगायची आणि मात्रोना चालवायची.

"सरळ जा. ते फेवरोनियाचं घर. तिच्या आईला ऐकायला कमी यायचं. अगं सावकाश, पळतेस काय अशी?"

"मी नाही पळत, आई. हा माणूसच पळतो."

"सैनिक आहे, आजी," केशा स्वयंपाकघरातून म्हणाला. तो तव्यावर भाकरी तळत होता. आजी आली की तळलेली भाकरी आणि चहा ठरलेला. "त्याला चालता येतं, पण कोणी चालवत नाही."

म्हातारी हसली. इतकी हसली की डोळ्याला पाणी आलं, आणि मग ते पाणी हसण्याचं राहिलं नाही. पडद्यावर चर्चचं दार आलं. ओकालेनानं बसल्या जागी कपाळापासून पोटापर्यंत आणि उजव्या खांद्यापासून डाव्यापर्यंत क्रूस केला. मात्रोनानं कंट्रोलर मांडीवर ठेवून तेच केलं, मग पुन्हा उचलला आणि दार ढकललं.

"आत्या, थांब, आत नको जाऊस अजून," केशा झारा हातात घेऊन बाहेर आला. पण त्या आत गेल्या होत्या.

आत मेणबत्त्या होत्या. उजव्या हाताला संत निकोलस होता, जिथे असायला हवा तिथेच. ओकालेना पुढे वाकली. तेवढ्यात पडदा हादरला, खिडक्या फुटल्या, बाहेर आरडाओरडा, आणि दारातून बंदुका रोखलेले सैनिक. मागे लाल उजेड. चर्च पेटलं, मग फेवरोनियाचं घर, मग एकेक करत सगळं गाव. खेळातला सैनिक खिडकीतून उडी मारून बाहेर पडला आणि त्याच्या पाठीमागे घुमट खाली आला.

तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला आणि केशानं आत जाऊन गॅस बंद केला.

"हे कोण आले होते?" ओकालेनानं विचारलं.

"जपानी, आजी."

"ह्यांना वारा लागत नाही का?"

केशानं वाकून पडद्याकडे पाहिलं.

"आटक्याला उभे आहेत, टोपी उडत नाही, कोटाचं टोक हलत नाही," ती म्हणाली. "आणि जेवतात कुठे? ओझं वाहणारा कोणी दिसला नाही." मग थोड्या वेळानं, अगदी हळू, "माझं घर बघायचं राहिलं."

केशानं लगबगीनं खेळ पुन्हा सुरुवातीला नेला आणि समजावून सांगितलं. चर्चमध्ये पाऊल पडलं की हल्ला सुरू होतो, अशी ती जागा बांधलेली आहे. खेळणारे आधी घराघरात शिरतात, कपाटं उघडतात, बंदुकीच्या गोळ्या आणि मलमपट्टी गोळा करतात आणि सगळ्यात शेवटी चर्चला जातात. आजवर ज्यांनी ज्यांनी खेळून पाहिलं, त्या सगळ्यांनी असंच केलं.

"चर्चला शेवटी?" म्हातारीनं अशा सुरात विचारलं, की जणू जगात बूट हातात घालणारी माणसं आहेत असं कोणी तिला सांगितलं.

लहानपणी केशा आटक्याच्या पुन्हा बांधलेल्या चर्चमध्ये पाद्रीबुवांच्या मागे मेणबत्ती घेऊन चालायचा. मात्रोनाला ते आठवलं आणि त्यालाही आठवलं असावं, कारण त्याचे कान लाल झाले.

"आजी, आज एकदा आधी घरी जा," तो म्हणाला. "शेवटी खेळच आहे गं."

"खेळच आहे ना? मग आग हलव."

"मला नाही हलवता येत. म्हणजे येते, पण वरच्यांनी मंजूर करायला हवं."

"मग मी नाही जात घरी," ओकालेना म्हणाली आणि शाल नीट करून बसली. "चर्चला टाळून मी माझ्या दारात उभी राहिले, तर आई आत घेणार नाही मला."

तिची आई जाऊन साठ वर्षं होऊन गेली होती. पण हे कोणी तिला बोलून दाखवलं नाही.

मग चहा पिताना तिनं ते सांगितलं, जे ती फार क्वचित सांगायची. त्या जूनमध्ये गावातली बहुतेक माणसं मासेमारीच्या तळावर होती. संध्याकाळी टेकडीच्या पलीकडे आभाळ लाल झालं. सगळ्यांना वाटलं, जपानी आले. बायांनी पोरं पोटाशी धरली. सकाळी पुरुष जाऊन बघून आले, तेव्हा कळलं की जपानी आलेच नव्हते. आपल्याच नौदलाच्या माणसांनी रॉकेल ओतून गाव पेटवलं होतं, शत्रूला झोपायला छप्पर मिळू नये म्हणून. चर्चसकट. मग त्याच नौदलानं त्यांना अंगावरच्या कपड्यांनिशी बोटीत घालून दक्षिणेला नेलं आणि एका बंद पडलेल्या मासळीच्या कारखान्यात ठेवलं. तिथे ओकालेनाची आजी गेली, धाकटा भाऊ गेला. युद्ध संपल्यावर उरलेले परत आले आणि त्यांनी गाव, चर्च पुन्हा बांधलं.

"शत्रू आला नाही असं मी म्हणत नाही," ती म्हणाली. "पलीकडच्या अट्टू बेटावर आलाच ना. तिथली माणसं धरून नेली त्यांनी. लढाई संपल्यावर त्यातली जी उरली ती आटक्याला आली राहायला. एक मुलगी माझ्या बाकावर बसायची. तिचं गाव त्यांनी घेतलं, माझं आपल्यांनी जाळलं. आम्ही दोघी कधी ह्याची त्याच्यात सरमिसळ केली नाही." मग ती मात्रोनाकडे वळली. "तू त्यात बोलणार आहेस ना, बाई? काय बोलणार आहेस?"

खेळात गावातली एक म्हातारी होती, सैनिकाला वाट दाखवणारी. तिचा आवाज मात्रोनानं द्यायचा ठरलं होतं, कारण तिला बेटाची जुनी भाषा येत होती आणि भाच्यानं गळ घातली होती. बुधवारी ध्वनिमुद्रण होतं. मात्रोनानं संवाद वाचून दाखवले. बरेचसे साधेच होते, ह्या बाजूनं ये, डोकं खाली घाल. शेवटचा होता तो असा: जपान्यांनी आमचं चर्च जाळलं, आता तू आमचा सूड घे.

ओकालेनानं बशीतला चहा संपवला.

"हे बोलू नकोस," ती म्हणाली.

"नाही बोलणार," मात्रोना म्हणाली.

केशानं करपलेली भाकरी उचलली, तिच्याकडे पाहिलं आणि खाऊन टाकली.

बुधवारी मात्रोना कंपनीत गेली. ब्रेंट हाल्व्हर्सन हा केशाचा साहेब. अंगानं मोठा, बोलायला मऊ. त्यानं स्वतः तिचा कोट घेतला, दूध घातलेली कॉफी पुढे केली. बुधवारच्या उपासाला दूध चालत नाही, म्हणून तिनं बिनदुधाची मागितली आणि त्यानं न विचारता बदलून आणली. त्यामुळे तिला त्याच्याशी भांडणं आणखी अवघड झालं. तिला आवाज चढवता येत नाही. रागावली तर तिचा आवाज उलट खाली जातो. शाळेतली पोरं म्हणायची, मात्रोनाबाई कुजबुजायला लागल्या की ताट स्वच्छ करून ठेवा.

माईकसमोर बसण्याआधीच तिनं सांगितलं, की बाकीचं सगळं बोलेन, शेवटचं वाक्य बोलणार नाही. का, तेही सांगितलं.

ब्रेंटनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, की त्याला हे माहीत आहे. केशानं पहिल्यांदा खेळात तसंच दाखवलं होतं.

मात्रोनानं मान वळवून केशाकडे पाहिलं. तो काचेपलीकडे तारा गुंडाळत उभा होता. तारा आधीच गुंडाळलेल्या होत्या.

ब्रेंट सांगू लागला. ह्या कंपनीत एक रीत होती. खेळ पुरा होण्याआधी बाहेरची माणसं बोलवायची, त्यांना खेळायला द्यायचं आणि हाताशी एक लाल बटण ठेवायचं. जिथे गोष्ट पटणार नाही, तिथे दाबायचं. केशानं पहिल्यांदा जे दाखवलं, त्यात अमेरिकन खलाशी रॉकेलचे डबे घेऊन चर्चमध्ये शिरत होते. त्या जागी जवळजवळ सगळ्यांनी बटण दाबलं. एकानं तर पुनःपुन्हा दाबलं आणि खेळ अर्धवट टाकून तो उठून गेला. मग केशानं खलाशी काढून जपानी घातले, आणि बटणं थांबली.

"खरं आहे, मी नाही म्हणत नाही," ब्रेंट म्हणाला. "पण लोकांना पटत नाही, मात्रोना. आणि एकदा पटलं नाही की पुढचं सगळं कोसळतं. माझे आजोबा पॅसिफिकमध्ये लढले. त्यांच्यासमोर हे ठेवलं असतं, तर त्यांनीसुद्धा दाबलं असतं."

"आणि बाकी कुठे नाही दाबलं त्यांनी?"

"म्हणजे?"

"जपानी अलास्कातून निघून पार डोंगरापलीकडे जातात. हिवाळ्यात. मागून अन्न येत नाही, तेल येत नाही, ओझं वाहायला माणूस नाही. तिथे कोणी बटण दाबलं?"

ब्रेंट हसला. मनापासून हसला. "नाही. तिथे कोणी नाही दाबलं. ते काय खातात, हे आजपर्यंत कोणी विचारलंच नाही."

"माझ्या आईनं विचारलं, रविवारी."

मग ब्रेंटनं मधला मार्ग काढला. वाक्य गाळू. जाळणारे दाखवायचेच नाहीत. नुसता धूर, नुसता लाल उजेड. ज्याला जे समजायचं ते समजू दे. कोणाचं नाव नको, म्हणजे कोणाचा खोटेपणा नको. केशानं काचेआडून मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर अशी काही आशा होती, की मात्रोनाला क्षणभर हो म्हणावंसं वाटलं. भाचा होता तो. भाऊ गेल्यावर तिनंच त्याला वाढवला होता.

"धूर आम्ही पाहिलाय," ती म्हणाली. आवाज इतका खाली गेला होता, की ब्रेंटला खुर्ची पुढे घ्यावी लागली. "लाल उजेड पण पाहिलाय. त्या संध्याकाळी माझ्या आईलाही वाटलं, जपानी आले. सगळ्यांनाच वाटलं. सकाळी जाऊन बघितलं तेव्हा कळलं. तुम्ही लोकांना ती संध्याकाळ देताय, आणि सकाळ स्वतःकडे ठेवून घेताय. ते मी करू देणार नाही."

"मला दुसरा आवाज घ्यावा लागेल."

"घ्या. पण मग गावाचं नाव काढा. आटका म्हणू नका. दारांवर जी नावं आहेत ती आमच्या माणसांची आहेत, तीही काढा."

ब्रेंटनं तिला सरळ सांगितलं, आणि त्यात धमकी नव्हती, की नाव काढलं तर तो भागच ठेवण्यात अर्थ उरत नाही; आटक्याचं खरं नाव आहे म्हणून तर वरच्यांनी तो मंजूर केला होता. केशाची दोन वर्षं जातील. नीट विचार करा.

"केलाय," मात्रोना म्हणाली आणि कोट घ्यायला उठली.

घरी सोडताना पूल ओलांडल्यावर केशा गाडीत बोलायला लागला आणि मग थांबेना. त्यानं काय काय ऐकून घेतलं ते तिला माहीत नव्हतं. ज्यांना बेटाचं नाव धड उच्चारता येत नव्हतं, त्यांच्यापुढे नकाशे मांडून उभं राहणं म्हणजे काय, ते तिला माहीत नव्हतं. खलाशी काढायला लावले तेव्हा तो घरी येऊन दोन दिवस झोपला नव्हता. पण गाव तरी राहील, घुमट तरी राहील, म्हणून त्यानं ते गिळलं. आणि आत्या आली, बिनदुधाची कॉफी प्यायली आणि सगळं उधळून गेली.

"जगात कोणाला आटका माहीत नाही, आत्या. खोटं का होईना, माहीत झालं असतं."

मात्रोना खिडकीबाहेर बघत राहिली. त्याचं चूक होतं असं तिला म्हणता येईना. पण बरोबर होतं असंही म्हणता येईना.

"मला खोटी ओळख नको," ती शेवटी म्हणाली. "त्यापेक्षा अनोळखी राहिलेलं चालेल. तुला तसं वाटत नसेल तर तू तुझं कर. मी तुझ्याशी बोलायची थांबणार नाही."

"उपकार झाले," केशा म्हणाला आणि तिला दारात सोडून वर न येता निघून गेला.

त्या संध्याकाळी प्रार्थनेत तिनं नेहमीप्रमाणे सगळ्यांची नावं घेतली, मेलेल्यांची आणि जिवंत असलेल्यांची. केशाचं घेतलं. थोडं थांबून ब्रेंटचंही घेतलं, कारण राग असेल त्याचं नाव गाळू नये असा तिचा नेम होता. मग तिनं एक मागणं मागितलं, जे तिनं पूर्वी कधी मागितलं नव्हतं: मन मऊ करू नकोस. एरवी ती नेमकं उलट मागायची.

दोन आठवड्यांनी शुक्रवारी केशा आला. ओकालेना टेबलाशी बसली होती, मात्रोनानं माशांची पोळी भाजली होती; त्यांच्यात उपासाला मासा चालायचा, लोणी नाही, म्हणून वरून लोणी न लावता. त्यानं टोपी काढली, तसबिरीसमोर उभा राहिला, क्रूस केला, आणि मग आजीच्या कपाळाचं चुंबन घेतलं. बऱ्याच वर्षांत तो ह्या क्रमानं घरात आला नव्हता. मात्रोनानं त्याच्यापुढे ताट ठेवलं.

खाता खाता त्यानं सांगितलं. मागच्या आठवड्यात गुरुवारी कंपनीत सगळ्यांची बैठक होती, आपापलं काम दाखवायची. त्यानं जपानी काढले आणि खलाशी परत घातले. रॉकेलचे डबे, आतल्या तसबिरी, सगळं. आगीची सुरुवात चर्चमधून हलवली नाही. पण आग लागल्यावर खेळणाऱ्याला टेकडीवर नेऊन उभं केलं, जिथून नुसतं लाल आभाळ दिसतं. तिथे संध्याकाळ. मग सकाळ. सकाळी खाली उतरून बघायचं, कोणाचे डबे पडलेत ते. मग त्यानं लाल बटणं सगळ्यांच्या हातात दिली आणि म्हणाला, ज्याला पटत नाही त्यानं दाबावं, पण कोणी तरी मला विचारावं की तुला कसं माहीत.

"दाबलं?" मात्रोनानं विचारलं.

"दाबलं की. आधीपेक्षा कमी. पण दाबलं. एकीनं विचारलं, तुला कसं माहीत. मी म्हटलं, ह्या टेकडीवर माझी आजी उभी आहे."

ओकालेनानं पोळीचा तुकडा तोडून त्याच्या ताटात ठेवला.

ब्रेंट शेवटपर्यंत बसून राहिला होता. त्यानं बटण दाबलं नाही, पण सगळे गेल्यावर म्हणाला, की हे असं बाहेर जाणार नाही, आणि तुझी आत्या ज्याला खोटं म्हणते तेही मी जाऊ देणार नाही. तेवढं मला जमेल. मग आटका खेळातून गेलं. आता गोष्ट कुठल्याशा बिननावाच्या बंदरात सुरू होते. केशानं केलेली घरं कंपनीचीच; ती तिथे वापरतील, दारावरची नावं पुसून. चर्चचा घुमट काढलाय, आता ते गोदाम आहे. केशाला तिथून हलवून खेळातले डोंगर करायच्या कामावर घातलं होतं.

"आता मी दगड करतो," तो म्हणाला. "मोठे दगड, बारीक दगड. दगडांवर कोणी बटण दाबत नाही."

मात्रोनाला हसू आलं आणि लगेच भरूनही आलं. दोन वर्षं गेली होती पोराची, आणि त्यात तिचा हात होता. पण तिला ते मागे घ्यावंसं वाटलं नाही. तिनं स्वतःला पुन्हा चाचपून पाहिलं, नाहीच वाटलं.

"मग माझं घर?" ओकालेनानं विचारलं.

केशा ह्याचीच वाट बघत असावा. तो पुन्हा करणार होता. घरी, स्वतःच्या यंत्रावर, पहिल्या खांबापासून, कंपनीची एक रेघ न घेता. त्यात सैनिक नसतील, बंदूक नसेल. खेळच नसेल म्हणा ना. नुसतं उतरायचं आणि चालायचं. चर्चचं दार उघडलं तर काहीच होणार नाही, मेणबत्त्या तेवढ्या दिसतील. वारा मात्र घालणार होता. आजीच्या रुमालाचं टोक उडेल असा वारा.

"पण एक अडचण आहे," तो म्हणाला. "मी केलेली घरं आतून सगळी सारखीच होती. एक कपाट, कपाटात गोळ्या. आत खरं काय होतं ते मी कधी विचारलंच नाही. आजी, तुला तुझं घर माहीत आहे. बाकीच्यांचं?"

म्हातारीला तिचं आठवत होतं आणि शेजारच्या फेवरोनियाचं, तेही चुलीपर्यंतच, कारण चुलीपलीकडे पोरांना जाऊ देत नसत. पलीकडच्या रांगेतलं काहीच नाही. ते आठवणारी माणसं आता कुठे कुठे पांगली होती. एक परत आटक्यालाच, एक उनालास्काला. आणि अफिनोगेन इथेच अँकरेजमध्ये, वृद्धांच्या घरात. अफिनोगेन त्या वर्षांबद्दल कोणाशी बोलत नसे. मागे पाद्रीबुवांनी विचारलं, तर त्यानं भिंतीकडे तोंड केलं होतं.

"तो नाही सांगणार," ओकालेना म्हणाली.

"सरकारी माणसं वही घेऊन गेली, त्यांनाही नाही सांगितलं," केशा म्हणाला. "राहू दे, आत्या. मी अंदाजानं करेन. एखादं टेबल, एखादी खाट. कोणाला कळणार आहे?"

हे बोलून त्याचं त्यालाच कळलं आणि तो ओशाळला.

"अंदाजानं नको," मात्रोना म्हणाली. "आतलं मी आणून देते. सगळ्या घरांचं. तू बाहेरच्या भिंतीपासून सुरुवात कर."

"आणि नाही बोलला तो तर?"

"तर पुन्हा जाईन."

ओकालेनानं केशाच्या ताटातला तुकडा त्यानं अजून खाल्ला नाही, ह्याबद्दल त्याला टोकलं आणि तो खायला लागला.

शनिवारी सकाळी मात्रोना उठली तेव्हा आई झोपलेली होती. तिनं दिव्यात तेल घातलं, वात सारखी केली, प्रार्थना म्हटली. वाळवलेल्या माशाचे दोन तुकडे, अफिनोगेनला दात नाहीत म्हणून बारीक करून, तिनं कागदात बांधले. त्याला काय विचारायचं ते तिनं ठरवलं नव्हतं. जाळपोळीचं तर विचारायचंच नाही, एवढं नक्की होतं. खिडकी कुठल्या भिंतीला होती, एवढंच आधी. तेवढं सांगितलं नाही तर चहा पिऊन यायचं.

तिनं रुमाल बांधला, बूट हातात घेतले, आईला जाग येऊ नये म्हणून दाराबाहेर जाऊन पायऱ्यांवर बसून घातले, आणि बसच्या थांब्याकडे चालू लागली.